कपलिंगमधला पॅलेडियम कार्बन जिवंत कसा ठेवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांपासून एमआयडीसीतल्या रात्रपाळीच्या केमिस्टपर्यंत सगळे मला साधारण हेच विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. पॅलेडियम कार्बन म्हणजे कोळशाच्या पुडीवर बसवलेला पॅलेडियम धातू. कपलिंग म्हणजे दोन सेंद्रिय तुकडे कार्बन-कार्बन बंधाने जोडणारी रिॲक्शन: सुझुकीत आरिल हॅलाइड (बेन्झीनसारख्या कड्याला आयोडीन, ब्रोमीन किंवा क्लोरीन लागलेला रेणू) बोरॉनिक आम्लाशी जोडलं जातं, हेकमध्ये दुहेरी बंध असलेल्या रेणूशी. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे एकाचा धागा दुसऱ्यात आहे, तिथे क्रमांक दिला आहे.

१. पॅलेडियम कार्बन तर हायड्रोजनेशनचा माल. तो सुझुकीला कसा चालेल?

चालतो, आणि बऱ्याचदा झकास चालतो. ज्या कपलिंगसाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० साली नोबेल मिळालं, त्या बहुतेक जण विरघळणाऱ्या पॅलेडियमवरच शिकतात: पॅलेडियम ॲसिटेट आणि जोडीला फॉस्फिन, म्हणजे धातूला धरून ठेवणारं फॉस्फरसचं संयुग (अशा संयुगाला लिगँड म्हणतात). त्याऐवजी कोळशावर, ॲल्युमिनावर किंवा टायटेनियावर बसवलेलं पॅलेडियम घेतलं तर फॉस्फिनचा खर्च वाचतो, फॉस्फिन ऑक्साइड काढत बसण्याची कटकट वाचते, आणि शेवटी बराचसा धातू गाळून हाती येतो. फक्त हायड्रोजनेशनच्या सवयी इथे जशाच्या तशा आणू नका. तिथे काम पृष्ठभागावर होतं. इथे कुठे होतं ते पुढच्या उत्तरात.

२. कॅटॅलिस्ट घन आहे, म्हणजे रिॲक्शन त्याच्या पृष्ठभागावरच होत असणार ना?

बहुतेक वेळा नाही. खालची निम्मी उत्तरं याच गोष्टीवर उभी आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

एसटीचा डेपो डोळ्यांसमोर आणा. सकाळी गाड्या बाहेर पडतात, प्रवासी वाहिले जातात ते रस्त्यावर, आणि रात्री गाड्या परत डेपोत येतात. कोळसा हा डेपो आहे. आरिल हॅलाइड पृष्ठभागावरच्या पॅलेडियमच्या अणूवर हल्ला करतं, त्याला शून्य ऑक्सिडेशन अवस्थेतून अधिक दोन अवस्थेत नेतं आणि द्रावणात ओढून घेतं. बोरॉनिक आम्लाकडून दुसरा आरिल गट घेणं, दोन्ही गट जोडून प्रॉडक्ट सोडणं, हे सगळं द्रावणात होतं. हॅलाइड संपत आलं की शून्य अवस्थेतलं पॅलेडियम बाहेर फार टिकत नाही, ते पुन्हा कोळशावर बसतं.

ही कल्पनेतली गंमत नाही. जपानमधल्या आराई यांच्या गटाने २००० साली आयोडोबेन्झीन आणि मिथाइल ॲक्रिलेटच्या हेक रिॲक्शनमध्ये हे मोजून दाखवलं: बेसच्या (आम्लारीच्या) उपस्थितीत पॅलेडियम एनएमपी या सॉल्व्हंटमध्ये उतरतं आणि आयोडोबेन्झीन संपल्यावर जवळपास सगळं आधारावर परततं. त्या कामात भालचंद्र भानगे होते, जे पुढे मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत) प्राध्यापक झाले.

तेव्हा कॅटॅलिस्ट सक्रिय ठेवायचा म्हणजे तीन गोष्टी सांभाळायच्या. गाड्या सुटल्या पाहिजेत, रस्त्यात एकमेकींवर आदळून भंगार होता कामा नयेत, आणि रात्री परतल्या पाहिजेत. तुमची रिॲक्शन अडली असेल तर यातलं नेमकं काय बिघडलं, एवढंच शोधायचं असतं.

३. पॅलेडियम किती सुटेल आणि किती परतेल, हे कशावर ठरतं?

हॅलाइड, सॉल्व्हंट, तापमान आणि शेवटी काय उरलं यावर. आयोडाइड सर्वांत जोरात ओढतं, ब्रोमाइड त्याखालोखाल. डीएमएफ, एनएमपी, डीएमएसी यांसारखे सॉल्व्हंट पॅलेडियमला द्रावणात धरून ठेवतात, टोल्युइन तितकं धरत नाही. परतीसाठी सगळ्यांत स्वस्त उपाय प्रमाणात आहे: आरिल हॅलाइड मर्यादित ठेवा आणि बोरॉनिक आम्ल थोडं जास्त, म्हणजे १.०५ ते १.१ पट घ्या. हॅलाइड शिल्लक राहिलं तर पॅलेडियम घरी येतच नाही, आणि तुमचा फिल्ट्रेट (गाळून आलेला द्रव) चहासारखा दिसतो.

४. कपाटात हायड्रोजनेशनची बाटली पडून आहे. तीच वापरू का?

चाचणीपुरती वापरा, पण तिच्यावरून निकाल देऊ नका. हायड्रोजनेशनसाठीच्या अनेक ग्रेडमध्ये धातू आधीच पूर्ण क्षपित केलेला आणि दाण्याच्या बाहेरच्या कवचात साठवलेला असतो. कपलिंगला याच्या उलट हवं: बारीक विखुरलेलं, दाण्यात आतपर्यंत सारखं पसरलेलं, अर्धवटच क्षपित किंवा ऑक्साइड-हायड्रॉक्साइड रूपातलं पॅलेडियम, आणि शक्यतो ओलसर. कोलर यांच्या गटाने जर्मनीत हेक रिॲक्शनवर हेच गुणधर्म एकेक करून तपासले होते. पुरवठादाराला "कपलिंगसाठी, अनरिड्यूस्ड, वेट" एवढं स्पष्ट सांगा. नुसतं "पाच टक्के पॅलेडियम कार्बन" मागितलंत तर दुकानात असेल ते येईल. जुनी बाटली कोरडी पडली असेल तर तिचा भरवसा नाही.

५. एक मोल टक्का म्हणजे नक्की किती मिलिग्रॅम?

हसू नका, सर्वाधिक चुका इथेच होतात. १० मिलिमोल ४-ब्रोमोॲनिसोल घेतलं, म्हणजे १.८७ ग्रॅम. एक मोल टक्का पॅलेडियम म्हणजे त्या मोलांचा शंभरावा भाग, ०.१ मिलिमोल. अणुभार १०६.४२, म्हणून धातू झाला १०.६ मिलिग्रॅम. कॅटॅलिस्ट ५ टक्के आहे, म्हणून कोरडा माल २१३ मिलिग्रॅम. पण बाटलीवर ५० टक्के पाणी लिहिलेलं असतं, म्हणून तराजूवर ठेवायचे ४२६ मिलिग्रॅम. पाणी विसरलात तर निम्माच कॅटॅलिस्ट पडला, आणि "पेपरप्रमाणे केलं तरी होत नाही" अशी तक्रार सुरू. सीओएवरचा (पुरवठादाराच्या तपासणी दाखल्यावरचा) एलओडीचा, म्हणजे वाळवल्यावर घटणाऱ्या वजनाचा, आकडा बघा. तो लॉटनिहाय बदलतो, आणि बाटली वर्षभर उघडझाप होत असेल तर आणखी बदलतो.

६. नायट्रोजन खरंच लागतो का? काही जण उघड्यावर करतात.

पाणी-इथेनॉलमध्ये, आयोडाइड किंवा सोपं ब्रोमाइड असेल तर उघड्यावरही होते. पण ऑक्सिजन असला की बोरॉनिक आम्लाचे दोन रेणू एकमेकांनाच जोडले जातात आणि टीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर) एक जास्तीचा ठिपका येतो. तो नको असेल तर कॅटॅलिस्टवर ओतण्याआधी सॉल्व्हंटमधून १५-२० मिनिटं नायट्रोजन बुडबुडू द्या. नुसता वरून सोडलेला नायट्रोजन आतला विरघळलेला ऑक्सिजन काढत नाही. नायट्रोजनचं दुसरं कारण जिवाशी संबंधित आहे, ते प्रश्न १४ मध्ये.

७. जास्त कॅटॅलिस्ट घातला तर लवकर संपेल ना?

हेकमध्ये तर हमखास फसवणारा विचार. द्रावणातल्या पॅलेडियमच्या अणूंना आरिल हॅलाइड भेटलं तर काम होतं, एकमेकांना भेटले तर गोळे होतात. गोळे वाढत वाढत काळा पॅलेडियम तळाशी बसतो आणि तो जवळपास मेलेला असतो. पॅलेडियम जितकं दाट, तितक्या या आपसातल्या टकरा जास्त. नेदरलँड्समधल्या दे व्रीस यांच्या गटाने २००३ साली ०.०१ ते ०.१ मोल टक्क्यांवर आरिल ब्रोमाइडच्या हेक रिॲक्शन चालवून दाखवल्या आणि त्या मात्रेला चक्क होमिओपॅथिक म्हटलं. आपल्याकडे हे नाव ऐकून अर्धे लोक हसतात, अर्धे लगेच विश्वास ठेवतात. यात होमिओपॅथीच्या गोळ्यांचा महिमा काही नाही, साधं गणित आहे.

म्हणून रिॲक्शन अडली की आधी मात्रा निम्मी करून पाहा, दुप्पट नंतर. टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइडसारखं मीठ घातलं तर बारीक कण एकमेकांपासून लांब राहतात. मात्र ते नंतर धुऊन काढणं हा एक वेगळा उद्योग आहे.

८. बेस आणि सॉल्व्हंटची सुरुवातीची जोडी कोणती?

सुझुकीसाठी पोटॅशियम कार्बोनेट आणि इथेनॉल-पाणी, ६० ते ८० डिग्री. पाणी हवंच, नाहीतर कार्बोनेट न विरघळता कोळशाच्या छिद्रांवर पुटं चढवतं. हेकसाठी सोडियम ॲसिटेट, एनएमपी किंवा डीएमएसी, १२० ते १४० डिग्री. सोनोगाशिरा (तिहेरी बंधाचा तुकडा जोडणारी कपलिंग) बहुधा कॉपर आयोडाइड आणि थोडं फॉस्फिन मागते. तेव्हा घन कॅटॅलिस्टचा निम्मा फायदा तिथेच संपतो.

९. पहिल्या तासात रिॲक्शन ४० टक्के झाली आणि मग हललीच नाही. काय करू?

आधी फ्लास्ककडे नीट बघा. द्रवाच्या पातळीच्या वर काचेवर आरशासारखा चंदेरी-काळा पट्टा दिसतोय का? दिसत असेल तर गाड्या रस्त्यावर भंगार झाल्या आहेत (प्रश्न ७).

पट्टा नसेल तर अडलेलं मिश्रण तीन छोट्या बाटल्यांत वाटा. पहिलीत चिमूटभर ताजा कॅटॅलिस्ट, दुसरीत ताजं बोरॉनिक आम्ल आणि बेस, तिसरीत काही नाही. सगळ्या त्याच तापमानाला दोन तास ठेवून एचपीएलसी (मिश्रणात काय किती आहे ते मोजणारी चाचणी) करा. पहिली पुढे सरकली तर कॅटॅलिस्ट मेलाय. दुसरी सरकली तर कॅटॅलिस्ट ठणठणीत आहे, तुमचं बोरॉनिक आम्लच वाटेत बोरॉन गमावून बसलंय. हेटेरोआरिल (कड्यात नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधक असलेल्या) बोरॉनिक आम्लांचा हा नेहमीचा आजार.

पहिली थोडी सरकून पुन्हा अडली, तर मिश्रणातच काहीतरी विष आहे, कदाचित प्रॉडक्टच. मग नवी रिॲक्शन लावताना सुरुवातीलाच हॅलाइडच्या ०.४ पट (अडताना तयार झालं होतं तितकं) प्रॉडक्ट घाला. ती जागेवरच अडली तर चोर सापडला. आरिल आयोडाइड वापरताना साठत जाणारं आयोडाइडही असंच गळा धरतं.

१०. कॅटॅलिस्टला विष कशाचं होतं?

गंधकाचं सर्वांत जास्त: थायॉल, सल्फाइड, थायोफीन. मग घट्ट पकडणारी अमाइन आणि पिरिडीन, त्यातही २-अमिनोपिरिडीन. नायट्राइलची पकड सैल असते, तापमान वाढवलं की बहुधा सुटते.

पण रेणूत गंधक नाही म्हणून निर्धास्त राहू नका. एकदा आमचं एक ब्रोमाइड एका लॉटमध्ये छान चाललं आणि दुसऱ्यात पूर्ण ठप्प झालं. दोन्हींची शुद्धता कागदावर सारखी होती. आठवडाभर आम्ही कॅटॅलिस्टलाच शिव्या घातल्या. शेवटी कळलं की ब्रोमिनेशननंतर उरलेलं ब्रोमीन मारायला पुरवठादार गंधक असलेल्या थायोसल्फेटचा हात देत होता आणि नंतरचं पाण्याचं धुणं त्याने आखडतं घेतलं होतं. कच्चा माल पुन्हा दोनदा पाण्याने धुतला, द्रावणात साधा ॲक्टिव्हेटेड कार्बन घालून तासभर ढवळून गाळला, आणि तोच लॉट चालला. तेव्हापासून नवा लॉट आला की मी आधी "ब्रोमीन कशाने मारलं?" हेच विचारतो.

११. आरिल क्लोराइडवर चालेल का?

क्लोराइडचा बंध मजबूत असतो, फॉस्फिनशिवायचं पॅलेडियम त्याला सहज हात घालत नाही. नायट्रो, सायनो, ॲसिटिल असे इलेक्ट्रॉन ओढणारे गट असतील तर आशा आहे. २००१ साली डीएमएसी आणि पाणी २०:१ या प्रमाणात घेऊन, लिगँड न घालता, पॅलेडियम कार्बनवर क्लोराइडची सुझुकी झाल्याचं प्रसिद्ध झालं आहे. पण ४-क्लोरोॲनिसोलसारख्या आळशी क्लोराइडवर महिना घालवू नका. तिथे सरळ जाडजूड, इलेक्ट्रॉन देणारं फॉस्फिन आणि विरघळणारं पॅलेडियम घ्या. हौस म्हणून घन कॅटॅलिस्ट वापरायचा नसतो.

१२. प्रॉडक्टऐवजी ब्रोमीन गेलेलं स्टार्टिंग मटेरियल मिळतंय. हायड्रोजन तर दिलाच नाही!

तुम्ही नाही दिला, आयसोप्रोपेनॉलने दिला. गरम, अल्कधर्मी अल्कोहोल पॅलेडियमला हायड्राइड पुरवतं. ट्रायइथाइल अमाइन आणि फॉर्मेटही तेच करतात. अल्कोहोल काढून डीएमएसी-पाणी घ्या, अमाइन काढून कार्बोनेट घ्या. आणि हायड्रोजनेशनमधून आलेला कॅटॅलिस्ट तर कपलिंगला मुळीच नको.

१३. गाळायचं गरम असताना की थंड झाल्यावर? दोन्ही सल्ले वाचलेत.

दोन्ही बरोबर आहेत, हेतू वेगळे. "पॅलेडियम द्रावणात आहे का?" हे तपासायचं असेल तर रिॲक्शन निम्म्यावर असताना, रिॲक्शनच्या तापमानालाच गाळा. थंड केलंत तर गाड्या डेपोत शिरतील आणि तुम्हाला रस्ता रिकामा दिसेल.

कॅटॅलिस्ट परत मिळवायचा असेल तर उलट. रिॲक्शन पूर्ण होऊ द्या, हॅलाइड संपल्याची एचपीएलसीवर खात्री करा, नायट्रोजनखालीच आणखी तासभर ढवळत ठेवा, हळू थंड करा आणि मग हायफ्लो नावाच्या गाळण-पुडीच्या थरावर (बेडवर) गाळा. थंड झाल्यावर प्रॉडक्ट स्फटिक होऊन बेडवर बसत असेल, तर तो विरघळलेला राहील इतपतच थंड करा. शेवटी थोडं सोडियम फॉर्मेट घातलं तर परती आणखी चांगली होते, पण रेणूत नायट्रो गट किंवा दुहेरी बंध असेल तर ते फॉर्मेट त्यांच्यावरही हात साफ करेल.

१४. गाळलेला कॅटॅलिस्ट कसा धुवायचा आणि ठेवायचा?

कोमट पाण्याने आधी, कारण छिद्रांत कार्बोनेट आणि बोरेट अडकलेलं असतं. मग प्रॉडक्ट विरघळेल अशा सॉल्व्हंटने, मग पुन्हा पाण्याने. पाण्याने ओला असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात, नायट्रोजनखाली ठेवायचा. फिल्टरवर हवा ओढून कोरडा कधीही करू नका.

माझ्या पहिल्या नोकरीत एकाने इथेनॉलने भिजलेला केक पंपावर तसाच सुरू ठेवून चहाला धूम ठोकली. परत आलो तेव्हा फिल्टर पेपरची कड तपकिरी झाली होती आणि केकच्या मधोमध उदबत्तीच्या टोकासारखा लाल ठिपका हळूहळू पसरत होता. पाण्याची बाटली हाताशी होती म्हणून तेवढ्यावर निभावलं. तो केक कचऱ्याच्या डब्यात टिश्यूंवर गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. चार्ज करतानाही हाच धडा: आधी भांड्यात नायट्रोजन, मग पाण्याने ओला कॅटॅलिस्ट, शेवटी सॉल्व्हंट. मिथेनॉलच्या वाफेवर कोरडी पूड ओतणं म्हणजे काडी ओढणं.

१५. किती वेळा पुन्हा वापरता येईल?

तीन ते पाच फेऱ्या चालल्या तर मी समाधानी असतो. दरवेळी थोडं पॅलेडियम फिल्ट्रेटबरोबर जातं, कण मोठे होत जातात, छिद्रं बुजतात, आणि ढवळणीने कोळशाचे दाणे झिजून गाळणीतून निसटतात. पहिल्या फेरीनंतर वेग पडतो तो बहुधा यामुळेच, शिवाय आता पॅलेडियम पूर्ण क्षपित झालेलं असतं (प्रश्न ४).

एक भांडण मात्र इथे करतोच. "पाच फेऱ्या, दरवेळी ९८ टक्के" असे तक्ते बघून भुलू नका. एका तासात संपणारी रिॲक्शन बारा तास चालवली तर कॅटॅलिस्ट तीन-चतुर्थांश मेला तरी आकडा ९८ च येणार. प्रत्येक फेरीत पहिल्या १५ मिनिटांचा वेग मोजा आणि फिल्ट्रेटचं पॅलेडियम आयसीपीवर (धातूंचं अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) तपासा. हे दोन आकडे नसतील तर तो तक्ता शोभेचा.

१६. मेलेला कॅटॅलिस्ट जिवंत करता येतो?

मरण कशाचं त्यावर आहे. छिद्रं बुजली असतील तर धुणं पुरतं (प्रश्न १४). कण मोठे झाले असतील तर थोडं आयोडीन किंवा ब्रोमीन देऊन पॅलेडियमचं पुन्हा ऑक्सिडेशन करता येतं. दे व्रीस यांच्या गटाने २००२ साली लिगँडशिवायच्या हेकमध्ये गाळलेलं पॅलेडियम असंच पुन्हा कामाला लावलं होतं. ॲल्युमिनावरचा माल हवेत भाजून त्यावरचा सेंद्रिय थर जाळता येतो. कोळशावर हे करू नका, आधारच जळून जाईल. गंधकाने मारलेला असेल तर वेळ घालवू नका, रिफायनरकडे पाठवा. मार्च २०२२ मध्ये पॅलेडियम औंसामागे ३,००० डॉलरच्या वर गेलं होतं. भाव कितीही उतरला तरी वापरलेला केक ड्रेनेजचा माल नाही.

१७. प्रॉडक्टमध्ये पॅलेडियम किती चालतं?

औषध असेल तर आयसीएच क्यू३डी या औषधांतल्या धातू-अशुद्धींच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शकानुसार तोंडावाटे रोजची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम, इंजेक्शनने १०. रोजचा डोस १० ग्रॅम धरला तर तोंडावाटेच्या औषधात १० पीपीएम (दशलक्षात १० भाग). प्रश्न ५ मधलं ब्रोमाइड फिनाइल बोरॉनिक आम्लाशी जोडलं आणि सगळं पॅलेडियम प्रॉडक्टमध्ये राहिलं तर १.८४ ग्रॅममध्ये १०.६ मिलिग्रॅम, म्हणजे ५,८०० पीपीएमच्या आसपास. १० पर्यंत यायला ९९.८ टक्के बाहेर काढावं लागतं. थायॉल लावलेली सिलिका किंवा एन-ॲसिटिल सिस्टीन यासाठी चांगली, पण कॅटॅलिस्ट गाळून बाजूला काढल्यावरच. आधी घातलीत तर पुढच्या फेरीचा कॅटॅलिस्ट तुम्हीच मारला (प्रश्न १०).

१८. गरम गाळल्यावर फिल्ट्रेट पुढे गेला नाही. म्हणजे माझा कॅटॅलिस्ट अस्सल हेटेरोजिनिअस (घन पृष्ठभागावरच काम करणारा)?

घाई नको. गाळताना हवा लागली, काच थंड होती, पॅलेडियम हायफ्लोवर बसलं, यातलं काहीही झालं तरी फिल्ट्रेट गप्प बसतो. पाऱ्याच्या थेंबाची चाचणीही निर्णायक नाही. पारा शून्य अवस्थेतल्या पॅलेडियमला गिळतो, पण विरघळलेल्या कॉम्प्लेक्सवरही हल्ला करतो. प्लांटवर तर पारा आणूच नका. माझा भर दोन गोष्टींवर असतो: वेगवेगळ्या वेळी गरम नमुने काढून आयसीपी, आणि आरिल हॅलाइड न विरघळणाऱ्या रेझिनला बांधून केलेली त्रिप्रावस्था चाचणी. एक घन दुसऱ्या घनापर्यंत चालत जाऊ शकत नाही. तरीही बांधलेलं हॅलाइड जोडलं गेलं, तर मध्ये कुणीतरी द्रावणात फिरत होतं.

१९. फ्लोमध्ये, म्हणजे कॅटॅलिस्ट भरलेल्या कॉलममधून मिश्रण सतत वाहतं ठेवलं तर, पॅलेडियम सुटण्याचा प्रश्नच येणार नाही ना?

उलट जास्त येतो. बॅचमध्ये सुटलेलं पॅलेडियम त्याच भांड्यात परततं. कॉलममध्ये ते थोडं पुढे जाऊन बसतं, पुन्हा सुटतं, पुन्हा पुढे. धातू हळूहळू दाराकडे सरकतो आणि एक दिवस बाहेर पडतो. पहिल्या दिवशीचं कन्व्हर्जन बघून टाळ्या वाजवू नका.

२०. ब्लँकमध्ये, कॅटॅलिस्ट न घालताही, रिॲक्शन झाली! नवा शोध लागला का?

२००३ साली लीडबीटर यांच्या गटाला असंच वाटलं होतं: धातूशिवाय सुझुकी. २००५ साली त्यांनीच दाखवलं की विकतच्या सोडियम कार्बोनेटमध्ये ५० पीपीबीच्या (अब्जात ५० भाग) घरात पॅलेडियम होतं आणि तेवढं पुरत होतं. प्रश्न ७ वाचला असेल तर यात नवल वाटणार नाही.

तुमच्याकडे मात्र संशयित बहुधा कार्बोनेट नसतो, ढवळायचा चुंबक असतो. टेफ्लॉनच्या चिरांत काळे ठिपके दिसतात का, भिंगाखाली बघा. दिसले तर तो चुंबक यापुढे फक्त मीठ विरघळवायला. काच आम्लराजाने धुवा, नवा चुंबक आणि दुसऱ्या कंपनीचं कार्बोनेट घ्या, आणि ब्लँक पुन्हा लावा. तरीही झाली, तर मला कळवा, मी स्वतः बघायला येईन.